मेधाताईंची आचारसंहिता

आमच्या इस्टेटीत चोरी करायची असेल तर अकरा घरं फोडायची गरज नाही, एक निळी कापडी पिशवी पळवली की भागतं. ही पिशवी मेधा सोनटक्के यांच्या स्वयंपाकघरात फ्रिजशेजारच्या हुकाला लटकलेली असते आणि तिच्यात अकरा मराठी घरांच्या किल्ल्या असतात. प्रत्येक किल्लीला चिकटपट्टी, पट्टीवर आडनाव आणि आडनावाखाली बारीक अक्षरात सूचना: 'कढीपत्ता दोन दिवसाआड', 'मागचं दार जोरात ओढणे', 'मांजर यांचे नाही, दूध घालू नये'. मी हे लिहितोय खरा, पण इथल्या चोरांना मराठी वाचता येत नसावं अशी आशा आहे.

इस्टेट म्हणजे आमची घरांची वसाहत, मेलबर्नच्या उत्तरेला, क्रेगीबर्न उपनगर संपलं असं वाटतं तिथून आणखी पुढे. दहा वर्षांपूर्वी इथे मेंढ्या चरत होत्या, आता आम्ही चरतो. डिसेंबरात शाळांना सुट्ट्या लागल्या की आम्ही सगळे पाच-सहा आठवड्यांसाठी पुण्या-मुंबईला पळतो आणि किल्ल्या मेधाताईंकडे जातात. मग त्या रोज संध्याकाळी पांढरे कॅनव्हासचे बूट घालून अकरा घरांची फेरी मारतात. कढीपत्त्याला पाणी घालतात, नळ सोडून बघतात आणि टपालपेट्या रिकाम्या करतात, कारण भरून वाहणारी टपालपेटी म्हणजे चोराला घरपोच आमंत्रण. येताना आम्ही त्यांच्यासाठी बाकरवडी आणतो. ती त्या शेजाऱ्यापाजाऱ्यांत वाटून टाकतात. खरी बाकरवडी पिंपरीच्या एकाच गल्लीत मिळते आणि ती गल्ली आम्हा कोणाला आजवर सापडलेली नाही, असं त्यांचं म्हणणं.

ताईंचं वय एकाहत्तर. पिंपरी-चिंचवडला महापालिकेच्या शाळेत त्यांनी एकोणतीस वर्षं चौथीचा वर्ग सांभाळला. पण 'मी शिक्षिका होते' असं त्या क्वचित म्हणतात. त्या म्हणतात, "मी चौदा निवडणुका काढल्या." आपल्याकडे निवडणूक लागली की सरकारला पहिली आठवण शिक्षकांची होते. बाकीच्या शिक्षिका ड्युटी टाळायला डॉक्टरांचं सर्टिफिकेट शोधायच्या, आणि मेधाताईंना ड्युटीचा कागद आला नाही तर त्या कचेरीत जाऊन विचारायच्या की माझं काय चुकलं. आदल्या दिवशी पेट्या घेऊन ट्रकने जायचं, परक्या शाळेच्या फरशीवर झोपायचं, पहाटे उठून कागदी सील लावायचं, यात त्यांना कुठलं सुख मिळायचं कोण जाणे.

एकदा योगायोगाने त्यांच्या केंद्रावर त्यांचा सख्खा दीर मत द्यायला आला. ओळखपत्र घरी राहिलं होतं. "वहिनी, मीच आहे," तो म्हणाला. ताई म्हणाल्या, "दीर म्हणून ओळखते. मतदार म्हणून कागद दाखवा." रांगेत चाळीस माणसं हसत होती. दीर घरी जाऊन कागद घेऊन आला, मत दिलं आणि त्या वर्षी दिवाळीला आला नाही. ताईंना त्याचं दुःख झालं, पश्चात्ताप झाला नाही. दोन्हींतला फरक त्या चौथीच्या मुलांना समजावल्यासारखा समजावून सांगतात.

यजमान गेल्यावर त्या मुलाकडे, राघवकडे आल्या. त्याला आता आठ वर्षं होतील. व्हिसाचा अर्ज कुठल्याशा लांबलचक रांगेत आहे, त्यामुळे इथे त्या नागरिक नाहीत आणि इथे त्यांना मत नाही. पिंपरीच्या यादीत नाव आहे, पण मतदानाला तिथे हजर राहायला हवं आणि त्या तर इथे. ज्या बाईने चौदा निवडणुका काढल्या तिला स्वतःला दोन्ही देशांत मत देता येत नाही. हे कोणी बोलून दाखवलं की त्या म्हणतात, "चालायचंच," आणि विषय बदलतात.

आता बुधवारबद्दल सांगायला हवं. मिलर स्ट्रीटवर आमच्या मुलांच्या शाळेला लागून लाकडी फळ्यांचा, पत्र्याच्या छपराचा एक जुना हॉल होता. दर बुधवारी दहा ते साडेबारा तिथे वयस्कर मंडळी जमायची. मेधाताई गाडी चालवत नाहीत आणि आमच्याकडची बस म्हणजे येऊन गेल्यावरच कळते. पण हॉल घरापासून पायी सात मिनिटं. पहिल्या बुधवारी त्या भीतभीत गेल्या, दुसऱ्या बुधवारी कॅरम घेऊन गेल्या. रोझा नावाच्या ऐंशी वर्षांच्या इटालियन बाईंना त्यांनी कॅरम शिकवला. रोझाबाईंचं इंग्रजी आणि मेधाताईंचं इंग्रजी एकमेकींना फार काही सांगू शकत नव्हतं, पण राणी घेऊन कव्हर चुकलं की दोघी आपापल्या भाषेत जे बोलायच्या ते सगळ्या हॉलला समजायचं. राघवला त्या एकदा म्हणाल्या होत्या, "आठवडाभर मी तुझी आई असते, पोरांची आजी असते आणि सगळ्यांची किल्लीवाली असते. बुधवारी मी मेधा असते. मला फार बरं वाटतं रे तिथे."

हे सगळं मला नंतर कळलं. मला तेव्हा फक्त एवढंच माहीत होतं की बुधवारी किल्ली मागायला गेलं तर ताई घरी नसतात. कुठे जातात हे मी कधी विचारलं नव्हतं. अकरा घरांपैकी कोणीच विचारलं नव्हतं.

आमच्या काउन्सिलने, म्हणजे इथल्या नगरपालिकेने, गेल्या डिसेंबरात लोकांचा कौल घ्यायचं ठरवलं: चौदा, मिलर स्ट्रीट इथला हॉल दुरुस्त करून ठेवायचा, की पाडून तिथे नव्वद गाड्यांचं पार्किंग करायचं? हॉल गेला तर बुधवारचा कार्यक्रम नऊ किलोमीटरवरच्या लेझर सेंटरमध्ये, म्हणजे करमणूक केंद्रात, जाणार होता, दोन बस बदलून. मतदान पोस्टाने. मतपत्रिका डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात घरोघरी येणार, आणि सही केलेली पाकिटं सोळा जानेवारीच्या शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंत काउन्सिलच्या ऑफिसात पोचायला हवीत. हा मुहूर्त कोणत्या पंचांगातून काढला देव जाणे, कारण नेमके त्याच पाच आठवड्यांत अख्खी मराठी वस्ती पुण्यात मिसळ खात असते. त्यातून हे मत ऐच्छिक. इथे एरवी मत दिलं नाही की दंड बसतो, म्हणून आम्ही निमूट जातो. दंड नाही म्हटल्यावर आमची लोकशाहीवरची श्रद्धा जरा सैल पडली.

तर ताईंनी त्या आठवड्यात फेरी मारली आणि अकरा पेट्यांतून चोवीस पाकिटं निघाली. राघव सांगतो, आईने ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर आडनावाप्रमाणे लावली आणि चष्मा पुसून बघत बसली. मग तिने ग्रुपवर मेसेज टाकला: 'आपणा सर्वांच्या मतपत्रिका आल्या आहेत. सोळा जानेवारी अंतिम तारीख. काय करावे ते कळवावे.'

आम्ही कळवलं. दहा मिनिटांत अकरा घरांची उत्तरं आली आणि सगळ्यांचा मथितार्थ एकच: ताई, तुम्हीच टाका ना. कुशल कोरडे नावाच्या आमच्या मित्राने तर लिहिलं, 'काकू, सही पण करून टाका, माझी सही अशीही दर वेळी वेगळी येते.' मीही अंगठा दाखवला. आमच्यात हे पाप नाही, ही सवय आहे. सोसायटीच्या मीटिंगला शेजारी आपली सही करतो, बँकेत भाऊ करतो, प्रगतिपुस्तकावर मोठी बहीण करते. मतपत्रिका त्याहून वेगळी असते हे आमच्या डोक्यातही आलं नाही.

विचार करा, टेबलावर चोवीस मतं, हातात पेन आणि चोवीस जणांची लेखी परवानगी. हॉल वाचावा असं इस्टेटीत सगळ्यात जास्त जिला वाटत होतं तिच्यासमोर हे ताट वाढलेलं होतं. राघव म्हणाला, "आई, मी काही बघितलं नाही." ताईंनी त्याच्याकडे अशी नजर टाकली की तो उठून कचरा टाकायला गेला. कचऱ्याचा दिवस नव्हता.

त्या रात्री ग्रुपवर आलेला मेसेज मी जपून ठेवला आहे. 'आपण सर्व सुशिक्षित आहात. तरी आपण जे लिहिले ते वाचून मला लाज वाटली. मत ज्याचे त्यानेच द्यायचे. सोनटक्के.' पहिल्यांदाच त्यांनी ग्रुपवर आडनावाने सही केली होती. चोवीस प्रौढ माणसांना, त्यात दोन डॉक्टर, बाकावर उभं केल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी राघवच्या मागे लागून त्या काउन्सिलच्या ऑफिसात गेल्या. काउंटरवर ग्लेनिस नावाच्या बाई होत्या. मतदार परदेशात असेल तर काय, हा ताईंचा पहिला प्रश्न. पाकीट दुसऱ्या कोणी पोचवलं तर चालेल का, हा दुसरा. मतदान केंद्रावर पोलीस असतो का, हा तिसरा. ग्लेनिसबाई म्हणाल्या, "नो वरीज, लव्ह. ज्याचं मत त्यानेच खूण करायची, पाकीट त्यानेच बंद करायचं, बाहेर त्यानेच सही आणि जन्मतारीख घालायची. मग ते उंटावरून आलं तरी चालेल, फक्त सोळाला सहाच्या आत." ताईंनी हे सगळं वहीत उतरवलं आणि खाली ग्लेनिसबाईंची सही मागितली. ग्लेनिसबाईंनी हसत हसत केली.

उंट नव्हता, पण आमच्याकडे त्याहून चांगली सोय आहे. परदेशातल्या मराठी माणसाचं खरं पोस्ट खातं म्हणजे 'कोणी जातंय का?' हा मेसेज. चष्मे, औषधं, बाळंतिणीचे लाडू, सगळं याच खात्याने जातं-येतं. ताईंनी विचारलं, 'कोणी जातंय का? वजन सातशे ग्रॅम.' पलीकडच्या गल्लीतली विनीता एकोणीसला निघणार होती. चोवीस पाकिटं दोऱ्याने बांधून, वर चार ठिकाणी चिकटपट्टी आणि चिकटपट्टीवर स्वतःची आडवी सही करून ताईंनी ती तिच्या हवाली केली आणि पोच घेतली. पुण्यात ती घेणार कोण, तर मी. ताईंचा फोन आला, "सलिल, तू केंद्राध्यक्ष." मी म्हटलं, "ताई, मी सुट्टीवर आहे." त्या म्हणाल्या, "मीही उन्हाळ्याच्या सुट्टीतच असायचे."

इकडे राघवचा जीव तळमळत होता. "आई, निदान सगळ्यांना सांग तरी की हॉलला मत द्या. तू सांगितलंस तर चोवीसच्या चोवीस देतील." आणि ते खरं होतं. ज्या बाईने पाच वर्षं आमचा कढीपत्ता जगवला तिच्या एका शब्दावर आम्ही हॉल काय, विमानतळाच्या बाजूनेही मत दिलं असतं. ताई म्हणाल्या, "ज्याच्या हातात पेटी, त्याने तोंड बंद ठेवायचं. आणि तूही काही बोलायचं नाहीस. घरात आचारसंहिता लागू झालीय." राघव आणि त्याची बायको इरावती या दोघांनी आपली मतं गुपचूप भरून पाठवली. आम्हा बाकीच्यांना हॉलचं आणि ताईंचं काही नातं आहे याचा पत्ताही लागला नाही.

अठ्ठावीस डिसेंबरला पुण्यात कुशलच्या बहिणीचं लग्न होतं. पंचांगात त्या दिवशी मुहूर्त नव्हता, पण मेलबर्नच्या शाळांच्या कॅलेंडरमध्ये होता, म्हणून गुरुजींनी काढीव दिला. अकरापैकी नऊ घरं लग्नाला येणारच होती. उरलेल्या दोन घरांना कुशलने फोन करून खास जेवायला बोलावलं. हे कळताच ताई सावध झाल्या. "जेवण घालून मत घ्यायचं? हे प्रलोभन झालं." शेवटी तोडगा निघाला: मतदान जेवणाआधी, आणि जो मत देणार नाही त्यालाही जिलबी मिळेल हे आधी जाहीर करायचं. मी ते अक्षतांनंतर, नवरा-नवरीच्या शेजारी उभं राहून, गंभीरपणे जाहीर केलं. नवरदेवाकडच्या मंडळींना वाटलं आमच्या घरातली काही रीत असेल.

मतदान केंद्र म्हणजे वधूपक्षाची खोली. पाण्याच्या बाटल्यांचा मोठा खोका एका बाजूने कापून मी टेबलावर उभा केला, शेजारी आहेराच्या साड्यांची भिंत. ताई व्हिडिओ कॉलवर होत्या, तांब्याला टेकवलेल्या फोनमधून सगळं बघत. "खोका डावीकडे वळव. खिडकीतून दिसतंय. पेन बांधून ठेव, नाहीतर जाईल." पेन तरीही गेलं. पहिला मतदार आत आला तशी ताईंनी हुकूम सोडला, "आता फोन भिंतीकडे कर. मला कोणाचंही काही दिसता कामा नये." मग अडीच तास त्या मेलबर्नहून पुण्यातल्या एका मंगल कार्यालयाची हिरवी भिंत बघत बसल्या.

कुशल घाईघाईने आला. "सलिल, माझं तू टाक यार, मला कानपिळीला बोलावतायत." भिंतीकडून आवाज आला, "कुशल! कान नंतर पिळ." त्याने मुकाट्याने खूण केली, पाकीट चाटून बंद केलं, सही केली आणि ताईंनी विचारायच्या आत म्हणाला, "काकू, माझीच सही आहे." एक आजोबा दारात येऊन उभे राहिले. त्यांनी बावन्न सालापासून एकही मतदान चुकवलं नव्हतं आणि इथे आपल्याला का नाही हे त्यांना कळेना. त्यांची समजूत घालायला जिलबी लागली. माझी बायको मैथिली तेविसावी आली, आणि चोविसावा मी.

आता माझ्याबद्दल एक गोष्ट सांगतो. मी तसा शांत माणूस आहे, पण पार्किंगच्या बाबतीत माझं डोकं फिरतं. सकाळी मुलीला शाळेत सोडताना मिलर स्ट्रीटला मी रोज तीन फेऱ्या मारतो. मागून उर्वी ओरडत असते, "डॅड, वी आर लेट अगेन!" तिसऱ्या फेरीला तो पडका, बंद हॉल मला दिसतो. बंदच दिसायचा, कारण मी तिथून साडेआठला जायचो आणि तो दहाला उघडायचा. खोक्याआड उभा राहिलो, बाहेर सनईची रेकॉर्ड लागली होती आणि पंगत बसत होती. मी एका सेकंदात पार्किंगपुढे खूण केली आणि जेवायला गेलो. मठ्ठा अप्रतिम होता.

परतीची जबाबदारीही माझ्याकडेच आली, कारण सोळाच्या आत येणारं आमचंच घर होतं. ताईंचे आदेश स्पष्ट होते: गठ्ठा सामानात टाकायचा नाही, मांडीवर घेऊन बसायचं. आमचं विमान चौदाला सुटायचं ते बिघाडामुळे सुटलंच नाही. मैथिली म्हणाली, "जाऊ दे ना, एका हॉलसाठी." मी तिच्यावर ओरडलो. खरंच ओरडलो. सतरा दिवस तो गठ्ठा सांभाळून माझ्यातही काहीतरी शिरलं होतं. काउंटरवर मी म्हणालो, "माझ्याकडे चोवीस माणसांची मतं आहेत," आणि त्या मुलीने मला वेड्यात काढून का होईना, दुसऱ्या विमानात तीन जागा दिल्या. रात्रभर मी गठ्ठा मांडीवर घेऊन बसलो. जेवणाचा ट्रे गठ्ठ्यावर ठेवला म्हणून उर्वीने फोटो काढला आणि ताईंना पाठवला. ताईंचं उत्तर आलं, 'वरण सांडू नये.'

सोळाला दुपारी पावणेचारला मेलबर्नला उतरलो. पिशवीत मेतकूट आणि लोणचं होतं, ते डिक्लेअर केलं. तपासणीतल्या अधिकाऱ्याने गठ्ठा उलटसुलट केला. "अँड दिस, मेट?" मी म्हटलं, "व्होट्स." तो म्हणाला, "लोणचं जास्त धोकादायक आहे," आणि सोडलं. बाहेर राघव गाडी चालू ठेवून उभा होता. फ्रीवेवर ट्रॅफिक. तो स्टिअरिंगवर बोटं आपटत होता. मला वाटलं, काउन्सिलच्या मतदानासाठी एवढं टेन्शन म्हणजे आई आणि मुलगा दोघंही वेडे.

ऑफिसच्या पायरीवर मेधाताई उभ्या होत्या. इस्त्रीची पांढरी साडी, कॅनव्हासचे बूट. पाच वाजून अडतीस मिनिटं झाली होती. त्यांनी गठ्ठा घेतला, चोवीस मोजली, आत जाऊन पेटीत एकेक टाकली आणि बाहेर येऊन माझा हात दोन्ही हातांत धरला. "सलिल, माझ्या चौदा निवडणुकांत असा केंद्राध्यक्ष मिळाला नाही," त्या म्हणाल्या. मला फार अभिमान वाटला. घरी जाताना मी मैथिलीला दोनदा सांगितलं.

निकाल पुढच्या गुरुवारी लागला. पार्किंग एक हजार एकशे चार, हॉल एक हजार सत्त्याण्णव. सात मतांनी हॉल गेला.

मी ग्रुपवर टाळ्या टाकणार होतो, तेवढ्यात राघवचा मेसेज आला. आचारसंहिता संपली होती म्हणून तो पहिल्यांदाच बोलला. 'आईचा हॉल गेला. आठ वर्षांत तिला इथे स्वतःच्या पायांनी जाता येईल अशी ती एकच जागा होती. तुम्हाला सांगायचं नाही अशी तिने मला शपथ घातली होती.' मी सोफ्यावर बसून आकडेमोड करत राहिलो. चारच जणांनी उलटी खूण केली असती तर. मैथिलीने विचारलं, "तू कशाला दिलं होतंस?" मी म्हटलं, "गुप्त असतं ते." ती म्हणाली, "अच्छा," आणि माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला रडू येईल असं वाटलं, आणि ते मी कोणाला सांगणार?

मग ग्रुपवर पहिला मेसेज पडला, कुशलचा. 'काकूंना बुधवारी लेझर सेंटरला मी सोडीन.' त्याखाली दुसरं नाव, तिसरं. दोन्ही डॉक्टर, मी. अर्ध्या तासात नऊ घरांनी बुधवार मागितला. बाकीची दोन घरं शांत होती, स्वच्छ मनाने झोपली असावीत. एवढ्या लगबगीमुळे गुप्त मतदान फारसं गुप्त राहिलं नाही. राघवने पाळ्या लावल्या. ताईंनी त्या वहीत लिहून घेतल्या आणि कोणाला काही विचारलं नाही. सात मतांचा विषय निघाला तेव्हा एवढंच म्हणाल्या, "आपली चोवीसच्या चोवीस ग्राह्य धरली, एकही बाद नाही. मी ग्लेनिसकडे चौकशी केली."

माझी पाळी फेब्रुवारीतल्या तिसऱ्या बुधवारी आली. ताई मांडीवर कॅरमच्या सोंगट्यांचा डबा घेऊन पुढच्या सीटवर बसल्या. वाटेत रोझाबाईंना घ्यायचं होतं, म्हणून मी मिलर स्ट्रीटवरून गाडी घेतली आणि मग माझ्या लक्षात आलं की हॉलभोवती जाळी लागली आहे. ताई तिकडे बघत होत्या. लाल सिग्नल संपता संपेना. माझ्याच्याने राहवेना.

"ताई, मला तुम्हाला एक सांगायचंय. त्या दिवशी, लग्नात, मी..."

"सलिल." त्यांनी हात वर केला, चौथीच्या वर्गात करत असतील तसा. "काही बोलू नकोस. चौदा निवडणुकांत मला कोणाचं मत कळलं नाही. तुझंही कळायला नको."

"पण ताई, मला..."

"मला कळलं तर तुझ्या गाडीत बसता येणार नाही रे," त्या म्हणाल्या, "आणि मला बुधवारी जायचं असतं."